दादरचं पोळी-भाजी केंद्र: पीजीवाल्यांनी एकदा तरी जाऊन या

पीजीत राहते, गेलं दीड वर्ष रात्रीचं जेवण म्हणजे मॅगी नाहीतर स्टेशनबाहेरचे दोन वडापाव. मध्ये कॉलेजात हेल्थ वीक झाला, झुंबा काय, पोस्टर काय, वजन-उंची मोजून झाली आणि खाली कॅन्टीनला आलो तर समोर तेच, समोसा, चायनीज भेळ न कोल्ड्रिंक 😂 यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ मध्येच कॉलेजांत जंक फूड विकू नका म्हणून पत्र काढलं होतं, आमच्याकडे ते बहुतेक फायलीत सुखाने झोपलंय.

तर हे केंद्र दादर वेस्टला, रानडे रोडवरून आत गल्लीत. दोन मावश्या चालवतात. बसायला जागा नाही, भिंतीला फळी ठोकलीय, उभ्यानेच खायचं. दोन घडीच्या पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, ७० रुपये. मटकीची उसळ एक नंबर, मोड लांब आलेले, वर तेलाचा तवंग नाही, खाऊन सुस्ती येत नाही हे महत्त्वाचं कारण मला परत अभ्यासाला बसायचं असतं. मंगळवार-शुक्रवार नाचणीची भाकरी असते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळपास तिप्पट, (अर्थात एका भाकरीत १०० ग्रॅम पीठ नसतं, आणि मावशींची भाकरी तर पातळच असते).

पडवळाची भाजी असेल त्या दिवशी जाऊ नका. ठेचा भारी पण खारट, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, इथे अर्धं त्यातच जाईल असं वाटतं. वडापावपेक्षा ३० रुपये महाग पडतं हेही खरं, पण वडापाव खाऊन रात्री अकराला परत भूक लागते आणि ऑनलाइन काहीतरी मागवून दीडशे जातात ते आपण कधी धरतच नाही ना.

पाचपैकी चार. एक स्टार कापला तो वेळेचा, साडेआठला शटर खाली, माझं प्रॅक्टिकल असलं की धावत जाऊनही हुकतं. नऊपर्यंत ठेवा ना म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "अगं बाळा, मला पण बदलापूर लोकल पकडायची असते, घरी जाऊन परत पोळ्याच लाटायच्यात."