आयव्हीएम की नेहमीचं आयव्हीएफ?

पीसीओएस (अंडाशयात खूप छोट्या बीजपिशव्या आणि हार्मोनचं असंतुलन) असलेल्या मैत्रिणीला डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचे हे दोन्ही पर्याय दिले आणि ती अडकली. तिच्यासाठी हे मांडतेय.

इंजेक्शनं: आयव्हीएफमध्ये साधारण ८ ते १४ दिवस हार्मोनची इंजेक्शनं घेऊन स्त्रीबीजं अंडाशयातच पक्व करतात. आयव्हीएममध्ये ती अपक्व असतानाच काढून प्रयोगशाळेत २४ ते ४८ तास वाढवतात. इंजेक्शनं दोन-तीन दिवस, कधी अजिबात नाहीत. औषधांचा खर्चही तेवढा कमी.

धोका: माझ्या मते खरा फरक इथे आहे. पीसीओएसमध्ये अंडाशय इंजेक्शनांना अति प्रतिसाद देतात. ते सुजतात, पोटात पाणी साठतं, क्वचित जिवावर बेततं. आयव्हीएममध्ये हे जवळजवळ टळतं. मात्र ट्रिगरचं (बीजं काढण्याआधी शेवटी देतात ते) इंजेक्शन बदलून आणि सगळे भ्रूण गोठवून आयव्हीएफमध्येही हा धोका आता बराच कमी करता येतो. हे डॉक्टरांना जरूर विचार.

यश: आयव्हीएफ पुढे. शरीराबाहेर बरीच बीजं पक्व होतच नाहीत. व्हिएतनाममध्ये ५४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या भ्रूणरोपणानंतर आयव्हीएममध्ये सुमारे ३५ टक्के, तर आयव्हीएफमध्ये ४३ टक्के स्त्रियांना मूल झालं.

अनुभव: आयव्हीएमचं पहिलं बाळ १९९१ सालचं, तरी ते नियमित करणारी केंद्रं आजही मोजकीच.

बीजसाठा कमी असेल किंवा वय वाढलं असेल, तर आयव्हीएफच. अंडाशयात भरपूर बीजं असतील आणि इंजेक्शनं झेपत नसतील, किंवा कॅन्सरचे उपचार लगेच सुरू करायचे असतील, तर अनुभवी प्रयोगशाळेत आयव्हीएम.