टेलस्केल, घरचा नॅस आणि नवा राउटर

आधी निकाल सांगते, कहाणी नंतर. घरातला नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाईल्स साठवायचा डिस्कचा डबा) बाहेरून उघडायचा असेल आणि इंटरनेट कंपनीशी वाद घालायला वेळ नसेल, तर सरळ टेलस्केल टाका, म्हणजे आपली उपकरणं इंटरनेटवरून खाजगी वाटेनं जोडणारं अ‍ॅप. घरगुती वापराला पैसे पडत नाहीत आणि राउटरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. मात्र गिऱ्हाइकांना फोटोंच्या लिंका पाठवायला ते कामाचं नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

मी लग्नाचे अल्बम डिझाईन करते. नाशकात इंदिरानगरला घरातलीच एक खोली, तिथे दोन डिस्कचा सिनॉलॉजी कंपनीचा नॅस. फोटोग्राफर कार्डं आणून देतात, मी सगळं नॅसवर ओतते आणि शीट, म्हणजे अल्बमची पानं, लावायला बसते. तुळशीचं लग्न लागलं की गंगापूर रोडच्या लॉन्सवर मांडव पडायला लागतात आणि माझं घरात बसणं संपतं. कधी प्रेसवर प्रूफ बघायचं, कधी येवल्याला माहेरी जाऊन तिथून काम उरकायचं. अशा वेळी नॅस बाहेरून उघडलाच पाहिजे.

जुनं ब्रॉडबँड खोदाईत सारखं तुटायचं. सिंहस्थ जवळ आला की नाशकातला एकही रस्ता सुखात राहत नाही! म्हणून फायबर घेतलं. वेग छान, राउटर चकचकीत, आणि त्याच संध्याकाळी नॅस गायब. घरातसुद्धा दिसेना.

घरातलं दुखणं किरकोळ होतं. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ होता आणि नॅसला मी कायमचा १९२.१६८.०.५० देऊन ठेवला होता. नवा राउटर १९२.१६८.१ च्या घरात. म्हणजे नॅस चालू, दिवे हिरवे, पण दोघांची गल्लीच वेगळी. फायबर जोडायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, मागचं बटण दाबून रिसेट मारा." सिनॉलॉजीत ते बटण बीप वाजेपर्यंत चारेक सेकंद दाबलं की डेटा जात नाही, पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग पुसली जातात. त्याची काही गरज नसते. नव्या राउटरमध्ये लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता बदलून जुनाच, १९२.१६८.०.१, टाकला आणि राउटर बंद-चालू केला. नॅस दिसला, प्रिंटर दिसला, नॅस ज्या नावानं लॅपटॉपवर जोडलाय तो झेड ड्राइव्ह उघडला. हे कुणी आधी का सांगत नाही कोण जाणे. राउटर हा पत्ता बदलू देत नसेल, तर लॅपटॉपला तात्पुरता हाताने १९२.१६८.०.१० द्यायचा, नॅसचं पान उघडायचं आणि त्याला पत्ता आपोआप घ्यायला लावायचं.

बाहेरचं दुखणं खरं. पूर्वी राउटरमध्ये ५००१ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) नॅसकडे वळवला होता, यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, आणि घरचा पत्ता बदलला तरी सापडावा म्हणून डीडीएनएसचं नाव घेतलं होतं. ते सगळं नव्या राउटरवर पुन्हा लावलं. नॅस म्हणतोय डीडीएनएस ठीक आहे, राउटर म्हणतोय पोर्ट वळवलाय, पण मोबाईल डेटावरून उघडेल तर शपथ. शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतो?"

"१०० पासून सुरू होतो. १००.७२ पुढे काहीतरी."

"मग पोर्टचा नाद सोड. तू सीजीनॅटच्या मागे आहेस."

त्यानं सांगितलेलं माझ्या शब्दांत असं. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात सारे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि आपल्या आशिया विभागातला मोकळा साठा २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आत प्रत्येकाला १००.६४ ते १००.१२७ मधला एक खाजगी पत्ता; ही पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली. यालाच सीजीनॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीचा पत्ता पाकिटावर लिहिला आणि फ्लॅट नंबर लिहिलाच नाही, तर कुरिअरवाला गेटवरूनच परत जाणार, तसं. आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, गेट कंपनीच्या ताब्यात. तुमच्याकडे हीच भानगड आहे का, हे ओळखायचं तर राउटरमधला डब्ल्यूएएन आयपी आणि गूगलला 'माझा आयपी काय' विचारल्यावर दिसणारा आयपी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगवर एक मिनिटही घालवू नका.

कस्टमर केअरनं स्टॅटिक (कायमच्या, आपल्या एकट्याच्या) आयपीसाठी बिझनेस प्लॅन सुचवला. महिन्याला जादा पैसे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सीजीनॅट आता बहुतेकांकडे असतंच.

तसंही पोर्ट उघडा ठेवणं मला आता नको वाटतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फाईल्सना कुलूप घातलं होतं आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले होते. कुणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो माझ्याकडून असे गेले, तर मी कुठल्या तोंडानं बोलू?

आता टेलस्केल. नॅसच्या पॅकेज सेंटरमध्ये आहे. टाकायचं, गूगलच्या खात्यानं आत जायचं, तेच लॅपटॉपवर आणि फोनवर करायचं, झालं. चहा थंड व्हायच्या आत उरकतं. आतमध्ये वायरगार्ड नावाचं सुरक्षित जोडणीचं तंत्र आहे. दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर हात पुढे करतात आणि मध्येच एकमेकांना धरतात, त्यामुळे सीजीनॅटचं गेट आड येत नाही. गंमत म्हणजे टेलस्केल जे पत्ते देतं तेही १०० पासूनच सुरू होतात, त्याच पट्टीतले. राउटरचा पत्ता आणि हा पत्ता यांत गोंधळू नका.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: वेबवरच्या अ‍ॅडमिन पानावर नॅसच्या नावापुढची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी नॅस पुन्हा लॉगिन मागतो, आणि तो दिवस नेमका तुम्ही गावाला असतानाच उजाडणार. आणि ज्या गूगल खात्यानं हे उघडता त्याला टू-स्टेप लावा, कारण आता घराची किल्ली तीच.

वेगाबद्दल. थेट जोडणी जमली तर उत्तम, नाही जमली तर मधल्या रिलेवरून माल फिरून येतो आणि रखडतो. कमांड लाइनवर 'टेलस्केल स्टेटस' मारलं की डायरेक्ट की रिले ते कळतं. येवल्याला मोबाईल हॉटस्पॉटवर मला दोन्ही अनुभव आलेत. पण डायरेक्ट असलं तरी बाहेरून रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, मोठ्या फाईल्स) ओढायच्या फंदात पडू नये. एक रॉ पंचवीस-तीस एमबीची, लग्नाचे तीन हजार फोटो म्हणजे पंचाहत्तर ते नव्वद जीबी. मी सिलेक्शन झालेल्या फोटोंच्या हलक्या जेपेग बनवून त्यावर शीट लावते आणि मोठ्या फाईल्स घरी आल्यावर बदलते. फोटोशॉपमध्ये लिंक केलेले फोटो तुटू नयेत म्हणून ड्राइव्हचं अक्षर झेडच ठेवलंय. घरी झेड लॅनच्या पत्त्यावर, बाहेर तोच झेड टेलस्केलच्या पत्त्यावर. दोन छोट्या बॅच फाईल्स, डबल क्लिक केलं की बदलतं. घरातसुद्धा टेलस्केलवरून चालतं, पण माझ्या नॅसवर लॅनइतका वेग मिळत नाही.

कुठे कमी पडतं? समोरच्यालाही अ‍ॅप टाकावं लागतं. फोटोग्राफरला मी हे सांगितलं तर तो म्हणतो, "ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव ना." त्यांच्यासाठी मी सिनॉलॉजीचंच क्विककनेक्ट चालू ठेवलंय. त्यालाही पोर्ट लागत नाही आणि लिंक साध्या ब्राउझरमध्ये उघडते. पण त्यावरून ड्राइव्ह मॅप होत नाही, म्हणून माझ्या कामाला ते पुरत नाही. शिवाय पॅकेज सेंटरमधलं टेलस्केल मूळ आवृत्तीच्या मागे रेंगाळतं, अपडेटवर आपणच लक्ष ठेवायचं.

आणि हे सगळं लावून गावाला जाण्याआधी दोन कामं. फायबरचा डबा आणि राउटर यूपीएसवर घ्या. नुसता नॅस यूपीएसवर असून वीज गेल्यावर उपयोग नाही. आणि नॅसच्या पॉवर सेटिंगमध्ये वीज परत आली की आपोआप चालू हो, ही खूण करून ठेवा. नाहीतर बटण दाबायला शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवावी लागते.