प्रभागनिहाय वाटप की गावाची एकच यादी? पालिकेची कामं ठरवण्याआधी

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि बऱ्याच गावांत जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर सभागृहात पुन्हा लोकांनी निवडून दिलेली माणसं बसली. त्यांच्यापैकी ओळखीच्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. कामांचा पैसा प्रभागांत सारखा वाटून घ्यावा, की सगळ्या गावाची एक प्राधान्ययादी करून वरून खाली कामं घेत जावीत?

२०१६ ते २०२१ या मुदतीत मी एका क वर्ग, म्हणजे सर्वांत छोट्या गटातल्या, नगरपरिषदेचा सदस्य होतो. त्यातलं एक वर्ष बांधकाम समितीचा सभापती होतो. पहिली दोन वर्षं आम्ही प्रभागनिहाय वाटप केलं, पुढची तीन यादीने काढली. म्हणून जे लिहितोय ते दोन्हीकडचं पाहून लिहितोय, पण एकाच गावात पाहिलेलं आहे. तुमच्या गावाचा उतार वेगळा, माणसं वेगळी, तेव्हा त्या मानाने घ्या.

ठराव, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हा क्रम दोन्ही पद्धतींत तोच राहतो. फरक पडतो त्याच्या आधी, कोणतं काम विषयपत्रिकेवर कशामुळे आलं तिथे.

प्रभागनिहाय वाटपाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. आम्ही सतरा सदस्य, आठ प्रभाग. कामांसाठी जो मोकळा पैसा असेल त्याचे आठ सारखे भाग व्हायचे आणि त्या भागात काय करायचं ते त्या प्रभागाचे सदस्य ठरवायचे. याचा सगळ्यात मोठा आधार विरोधी बाकावरच्या सदस्याला असतो. सत्ता कोणाचीही असो, त्याच्या प्रभागाचा वाटा कोणी अडवू शकत नाही. छोटी कामं झटकन होतात: चेंबरचं फुटलेलं झाकण, खांबावरचा बंद दिवा, हातपंपाभोवतीचा कट्टा. असल्या कामांना गावपातळीच्या यादीत कधी वरचा नंबर लागत नाही, पण त्या गल्लीतल्या माणसाला रोज अडखळायला होतं ते त्या झाकणापाशीच. शिवाय सकाळी सात वाजता दारात येऊन उभ्या राहिलेल्या मतदाराला नगरसेवक सरळ उत्तर देऊ शकतो. पहिल्या दोन वर्षांत आमच्या सभा शांततेत झाल्या, हेही याच पद्धतीचं श्रेय.

कुरबुर होती ती 'सारखं' म्हणजे काय यावर. सात प्रभागांत दोन-दोन सदस्य आणि एकात तीन. मग त्या तिघांचा वाटा मोठा असावा का? त्याहून खोल मुद्दा लोकसंख्येचा. प्रभाग २०११ च्या जनगणनेवर पाडलेले होते, आणि २०२५ चेही त्याच आकड्यांवर पाडले आहेत, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. या काळात गावठाणातली माणसं बाहेरच्या वसाहतींत राहायला गेली. गावठाणातला प्रभाग दहा मिनिटांत चालून होतो, गटार आहे, नळ आहे, रस्ता दोनदा झालेला आहे. वाढीव हद्दीतल्या प्रभागात मुरूमही पडलेला नाही. दोघांना वाटा मात्र तेवढाच. परिणाम असा की एका ठिकाणी धड असलेल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि दुसऱ्या ठिकाणी पोरं चिखलातून शाळेत जातात.

तरीही एवढ्यावरून मी पद्धत बदला म्हणालो नसतो. माझं मन ज्यामुळे फिरलं ते एका गटाराचं टोक आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

आमच्या गावाचा उतार पूर्वेला नाल्याकडे. प्रभाग तीन वरच्या अंगाला, चार मधल्या भागात, सहा नाल्याकाठी. पहिल्या वर्षी तीनच्या सदस्यांनी आपल्या वाट्यातून बंदिस्त गटार केलं. काम चांगलं झालं, मी स्वतः उभा राहून पाहिलं. पण ते प्रभागाच्या हद्दीपर्यंतच, कारण वाटा तिथपर्यंतच. चारच्या सदस्यांनी त्या वर्षी पैसा दुसऱ्या कामाला लावला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपलं गटार केलं: वेगळं अंदाजपत्रक, वेगळा ठेकेदार, आणि लेव्हल धरली आपल्या रस्त्यावरून.

जूनच्या दुसऱ्या पावसात हद्दीवरच्या घरातल्या मावशींनी मला बोलावणं धाडलं. गेलो तर उंबऱ्यापुढे शहाबादी फरशी उभी लावून तिला मातीचा लेप दिलेला, आणि फरशीच्या अलीकडे काळं पाणी तुंबलेलं. म्हणाल्या, "बाळा, गटार तर नवं केलंत, पण पाण्याला सांगितलं नाही वाटतं कुठं जायचं ते." रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर नगर अभियंता आणि एक गवंडी घेऊन गेलो. गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक तीनच्या गटाराच्या तळाशी धरलं, दुसरं चारच्या. चारचा तळ वर निघाला. एक वीत आणि चार बोटं. म्हणजे वरचं पाणी खालच्या गटारात शिरायला आधी वीतभर चढायला हवं होतं. दोन्ही अंदाजपत्रकं नियमाप्रमाणे होती, मोजमाप पुस्तिकेत दोन्ही कामं पूर्ण होती, दोन्ही बिलं निघाली होती. ज्याच्या त्याच्या प्रभागापुरतं काम चोख होतं. हद्दीवर उभं राहून दोन्हीकडे पाहणं मात्र कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

पुढचं त्याहून क्लेशाचं. चारचं नवं काँक्रीट फोडायला लागणार होतं. ते कोणाच्या वाट्यातून? तीनचे म्हणाले आमचं गटार बरोबर आहे. चारचे म्हणाले आमचंही बरोबर आहे, आणि दोघेही खरं बोलत होते. दोन सभा यात गेल्या. तेवढ्या काळात मावशींची फरशी जागेवरच होती. त्या दोन सभांत माझं ठरलं.

तिसऱ्या वर्षी यादी केली. प्रत्येक सदस्याने जानेवारीत कामं लेखी द्यायची, कितीही. अभियंत्यांनी ती सगळी गावाच्या मोठ्या नकाशावर मांडली, सभागृहातली टेबलं जोडून नकाशा पसरला होता. मग निकष लावले. किती घरांना उपयोग होतो, आरोग्याला धोका आहे का, आधीचं काम अर्धवट पडलंय का, जागा पालिकेकडे आहे का, आणि पुढे चालवायला खर्च किती येणार. शेवटचे दोन निकष वरवर रुक्ष दिसतात, पण सगळ्यात जास्त कामं त्यांनीच खाली ढकलली. मंजुरी नसलेल्या प्लॉटिंगमध्ये रस्त्याची जागा अजून मालकाच्याच नावावर असते. असे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा २००१ चा कायदा असला तरी प्रकरणं नियमित झालेली नसतात. तिथे काम मंजूर केलं तर पुढे अडकतं. आणि हायमास्ट, म्हणजे चौकातला उंच दिव्यांचा खांब, उभारताना मिळतो तो आनंद एका दिवसाचा, विजेचं बिल पालिकेकडे दर महिन्याला.

नकाशावर लाल पेन्सिलने उतार काढल्यावर गटारांचा क्रम आपोआप उलटा झाला. आधी नाल्याच्या तोंडाशी, मग वर. त्या हिशेबाने प्रभाग सहाला दोन वर्षं मोठी कामं मिळाली आणि तीनला काहीच नाही. तीनच्या सदस्यांनी ते मान्य केलं याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांना लोकांसमोर उभं राहणं सोपं गेलेलं नाही.

यादीची दुखणी लपवत नाही. एक तर गुण देणार कोण? अनेक छोट्या पालिकांत नगर अभियंत्याचं पद रिकामं असतं किंवा अतिरिक्त कार्यभारावर चालतं, आणि ही पद्धत त्याच माणसावर उभी आहे. दुसरं, बहुमतवाल्यांनी मनात आणलं तर निकषांच्या आडून विरोधकांचे प्रभाग कोरडे ठेवता येतात. आम्ही त्यावर एवढंच केलं की प्रत्येक कामाचे गुण सभेत वाचायचे, यादी सूचना फलकावर लावायची, आणि वरचं काम सोडून खालचं घ्यायचं असेल तर कारण ठरावातच लिहायचं. कारण लिहायचं म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो. तिसरं, जी वस्ती कागद देत नाही ती यादीत येत नाही. यावर उपाय सापडला तो सफाई मुकादमांकडे. गावात पाणी कुठे थांबतं, कुठल्या बोळात घंटागाडी शिरत नाही, कोणत्या पालांजवळ नळ नाही, हे त्यांना कुठल्याही सर्वेक्षणाआधी ठाऊक असतं. त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेली चार कामं आमच्या पहिल्या दहात आली.

यादीच्या बाजूने एक गोष्ट मला आधी लक्षात आलेली नव्हती. आमच्या मुदतीत पैसा त्या मानाने मोकळा होता. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगात छोट्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के पैसा बंधित केला गेला: निम्मा पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांना, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्याला. पाण्याची टाकी किंवा कचरा प्रकल्प प्रभागांत वाटता येत नाही. म्हणजे वाटपाची पद्धत धरली तरी ती चालणार उरलेल्या तुकड्यावरच. आणि नगरोत्थानसारख्या, शहरांतल्या कामांसाठीच्या राज्याच्या योजनेचा जिल्हास्तरावरचा पैसा जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. तिथून प्रस्ताव मागवले जातात तेव्हा बहुधा हातात फार थोडे दिवस असतात. ज्या पालिकेकडे क्रम लावलेली, जागेचे कागद पाहिलेली, अंदाजपत्रक तयार असलेली यादी असते ती त्या दिवसांत प्रस्ताव देते. बाकीच्यांकडे तेव्हा कोणत्या प्रभागाचं काम पाठवायचं याची चर्चा सुरू होते. आम्हाला एका वर्षी हा फायदा झाला, आधीच्या वर्षी तोटा झाला होता.

तिसरा मार्गही आहे, नागरिकांनीच कामं सुचवण्याचा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये तो सुरू केला आणि पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. कल्पना मला आवडते. पण तिच्यासाठी अर्ज घेणारी, छाननी करणारी, उत्तर देणारी माणसं लागतात, आणि क वर्ग पालिकेत ती नसतात. नागरिकांची सूचना नगरसेवकाच्या जानेवारीच्या कागदात आली तर निम्मं काम होतं, असं मला वाटतं.

आता तुमचं. गाव सपाट असेल, मूळ गटारं आणि जलवाहिन्या झालेल्या असतील, मागे राहिल्या असतील त्या किरकोळ दुरुस्त्या, तर प्रभागनिहाय वाटप घ्या. भांडणं कमी होतील आणि लोकांना काम लवकर दिसेल. सभागृहात एकमेकांवर अजिबात विश्वास नसेल तरीही निदान पहिलं वर्ष तेच बरं. पण गावाला उतार असेल आणि पाण्याचं, सांडपाण्याचं काम बाकी असेल, तर मी यादीकडे झुकेन. आम्ही शेवटी मोकळ्या पैशातले साधारण तीन हिस्से यादीला आणि एक हिस्सा प्रभागांना अशी विभागणी केली. झाकणं आणि दिवे त्या चौथ्या हिश्श्यातून झाले. त्या मुदतीतली मला सर्वांत पटलेली व्यवस्था हीच, आणि आज पुन्हा बसायला मिळालं तर पहिल्याच वर्षापासून हीच धरेन.

यादी करायची ठरवलीत, तर फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकी सभेआधी एका सकाळी मुकादम आणि अभियंते यांना बरोबर घेऊन नाल्याच्या तोंडापासून वर चालत या. प्रत्येक प्रभागाच्या हद्दीवर थांबा आणि गटाराचे दोन्ही तळ नळीने मोजा. बरोबर त्या दोन्ही प्रभागांचे सदस्य असू द्या.