पूर्ण वनस्पतिजन्य की लवचीक: प्रश्न दुधाचा आहे

मांस, मासे, अंडी, दूध आणि मध यांपैकी काहीही न घेणारा व्हीगन आहार आणि बहुतेक जेवण वनस्पतिजन्य ठेवून प्राणिजन्य पदार्थांना अधूनमधून मुभा देणारा लवचीक आहार, यांतून निवड करताना मराठी घराचे गाडे मांसापाशी फारसे अडत नाही. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या आणि श्रावणात मासळी बंद ठेवणाऱ्या घरांना असा लवचीकपणा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. शिवाय पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, मिसळ, सोलकढी हे पदार्थ मुळातच दुधावाचून होतात. अडचण चहा, दही, ताक आणि तूप यांची आहे.

पूर्ण वनस्पतिजन्य, म्हणजे व्हीगन, आहाराचा मोठा गुण असा की नियम एकच असल्यामुळे रोज मनाशी घासाघीस करावी लागत नाही. दूध मिळावे म्हणून गाय-म्हैस पुन्हा पुन्हा गाभण ठेवली जाते आणि नर वासरांना गोठ्यात जागा उरत नाही, ही गोष्ट ज्याला खुपते त्याचे ‘कमी दूध’ या तोडग्याने समाधान होणार नाही. त्याने पूर्ण मार्गच धरावा. मात्र त्याला पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबता येत नाही, कारण तो ठिपका केवळ शाकाहार दाखवतो आणि बिस्किटातली दूध पावडर त्यात बसते. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे चिन्ह आहे, पण कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे किंवा लग्नाच्या पंगतीत त्याचा उपयोग नाही. तिथे विचारावेच लागते, आणि विचारणे सर्वांनाच जमते असे नाही.

पोषणाचा विचार करता निर्णायक मुद्दा बी-१२ जीवनसत्त्वाचा आहे. वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नसल्यामुळे व्हीगन आहार घेणाऱ्याने गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेले पदार्थ घेणे अपरिहार्य ठरते. लवचीक आहार घेणाऱ्याला ही चिंता नाही, असे मात्र समजू नये. प्रौढाची रोजची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम असते, तर १०० मिली गाईच्या दुधात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. चहातल्या चार चमचे दुधाने काय भागणार? रक्ततपासणी दोघांनीही करून घ्यावी. कॅल्शियमसाठी १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते आणि गरज १००० मिलिग्रॅमची असते, म्हणून जोडीला तीळ आणि पालेभाज्या हव्यात. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

खर्चाचे म्हणाल तर बदामाचे किंवा ओटचे डबाबंद दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच महाग पडते. शेंगदाण्याचे दही घरी लागते, पण त्याची चव जिभेवर बसायला वेळ लागतो.

कारण आरोग्याचे किंवा पर्यावरणाचे असेल आणि घरात बदलणारी व्यक्ती एकटीच असेल, तर माझ्या मते लवचीक मार्ग अधिक टिकतो, कारण आमटी-भाजी सर्वांची एकच राहते, फक्त फोडणी तुपाऐवजी तेलाची घालावी लागते. त्याचा दोष असा की सवलत हळूहळू पसरते: आज बाहेर गेलो म्हणून पनीर, उद्या पाहुणे आले म्हणून बासुंदी. म्हणून ‘घरी दूध नाही, सणाला तूप चालेल’ अशी अट आधीच ठरवावी. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.