काळं वेष्टन, पिवळं वेष्टन

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) हा अल्बम हातात घ्या. काळ्याभोर पुठ्ठ्यावर लोलक (प्रिझम) आणि त्यातून फुटणारी इंद्रधनुषी रंगरेषा, पुढे ना बँडचं नाव ना फोटो. पुठ्ठा उघडला की तीच रंगरेषा आत सरकते आणि हिरव्या पट्ट्यात हृदयाच्या ठोक्यांचा आलेख उमटतो. रेकॉर्डची सुरुवातही ठोक्यांनीच! प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, असाच सावकाश उलगडतो.

सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडच्या 1977 च्या अल्बमचं वेष्टन मात्र अंगावर येतं. भडक पिवळा रंग, खंडणीच्या चिठ्ठीसारखी कापून चिकटवलेली अक्षरं. चित्रकार जेमी रीडची ही मांडणी म्हणजे पंकच, ते साधं, आक्रमक, बंडखोर रॉक संगीत: कात्री, गोंद आणि संताप. ऐकायला मला पिंक फ्लॉइड जवळचा, पण दुकानात हात आधी पिवळ्याकडेच जातो.