आठ नंबरी फ्लाय रॉडचा तयार संच: रॉडला पैकीच्या पैकी, लाइनला शून्य

रॉड, रील, लाइन, लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) आणि चार-सहा फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं हलकं आमिष), सगळं एकाच कापडी नळीत. घरच्यांबरोबर समुद्रावर सुट्टीला निघालेला आणि सकाळचे दोन तास किनाऱ्यावरून गरवायला मिळतील अशी आशा असलेला माणूस बहुधा हाच संच उचलतो. संच वाईट नाही. पण त्यातली एक वस्तू चुकीची असते आणि सर्वांत गरजेची वस्तू त्यात नसतेच.

आधी रॉड. नऊ फुटी, चार तुकड्यांचा. एकेक तुकडा साधारण २८ इंचांचा, त्यामुळे मोठ्या बॅगेत नळी तिरपी बसून जाते. आठ नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं ठरलेलं वजन २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. फेकताना रॉड वाकतो तो या वजनाने, फ्लायच्या नव्हे. समुद्रावरच्या वाऱ्यात दोन नंबरच्या गळावरची वजनदार फ्लाय नेण्याइतका जोर यात असतो. सहा नंबर तिथे कमी पडतो आणि सवय नसलेल्याचा खांदा दहा नंबरने तासाभरात भरून येतो. निवड बरोबर आहे.

रॉड मोडतो तो माशामुळे क्वचितच, सांध्यापाशी जास्त. फेकता फेकता तुकडे हळूहळू फिरतात, सैल होतात आणि सगळा ताण सांध्याच्या कडेवर येऊन बाहेरचा तुकडा उभा चिरतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी रॉडवरच्या, लाइन ओवलेल्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहायचं आणि सांधे दाबून घ्यायचे. जोडणी खोलीतच उरकावी. सांध्यात वाळू गेली की कानस फिरल्यासारखी झीज होते.

रील जेमतेम पास. विकत घेताना ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सीलबंद आहे का एवढं विचारा, नसेल तर खारं पाणी आत शिरणारच. बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर भरलेला जादाचा दोरा, मोजून घ्या: २० पौंडांचा ताण सोसणारं डॅक्रॉन (पॉलिएस्टरचा दोरा), निदान १५० यार्ड. दुकानातून ते बऱ्याचदा सैल गुंडाळून येतं. मासा पळाला की वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुततो, रील जागच्या जागी अडकतं आणि टिपेट, म्हणजे लीडरचं फ्लायकडचं बारीक टोक, तुटतो. मग दोष गाठीला दिला जातो. सगळं उलगडून ओल्या फडक्यातून ताणत पुन्हा भरलं की हा प्रश्न मिटतो.

आता चुकीची वस्तू: लाइन. संचात तरंगती लाइन देतात. तळ्यावर ती उत्तम, पण लाटांत प्रत्येक लाट ती उचलते आणि तिचा मोठा बाक करते. तुम्ही हाताने ओढता तेव्हा तो बाक सरळ होतो, फ्लाय जागची हलत नाही. माशाने तोंड लावलं तरी बोटांना कळत नाही. इथे हवी इंटरमीडिएट लाइन, सेकंदाला एक-दोन इंच बुडणारी. ती लाटेच्या खालून सरळ राहते. घेताना पाणी गरम की थंड तेही सांगा. उष्ण पाण्याची लाइन थंडीत स्प्रिंगसारखी वेटोळी धरते, थंड पाण्याची उन्हात मऊ पडून कड्यांना चिकटते. आणि डास पळवण्याचं डीट असलेलं मलम हाताला असेल तर लाइनला हात लावू नका, वरचं प्लॅस्टिक विरघळतं.

संचात नसलेली वस्तू म्हणजे कमरेला बांधायची टोपली. ओढून घेतलेली तीस-चाळीस फूट लाइन पायाशी सोडली, की परतणारी लाट ती घोट्याभोवती गुंडाळते, वर वाळूही माखते. पुढच्या फेकीला तीच लाइन कड्यांत जाते. तयार टोपली महाग वाटली तर भांडी धुण्याचा आयताकृती प्लॅस्टिकचा टब घ्या. तळाला भोकं पाडून आठ-दहा झिप टाय खालून वर काढा, तीन-तीन इंच उभे ठेवा. लाइनची वेटोळी त्यांच्यामुळे एकमेकांत शिरत नाहीत. पाणी निथळायला आणखी चार भोकं आणि मागून एक पट्टा. रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढलं की लाइन आपोआप आत पडते.

फ्लायपैकी अर्ध्या गोड्या पाण्याच्या गळांवर बांधलेल्या निघतात आणि लगेच गंजतात. त्यापेक्षा बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये बांधलेली क्लाउझर मिनो दोन नंबरच्या गंजरोधक गळावर, पांढऱ्या-हिरव्या रंगात तीन-चार घेतल्या तरी पुरे. जड डोळ्यांमुळे गळाचं टोक वर राहतं, वाळूत रुतत नाही. इंटरमीडिएटला सहा-सात फुटी लीडर आणि १६ पौंडी टिपेट पुरतो. फ्लायला गाठ मोकळ्या फासाची, म्हणजे ती नीट डुलते.

माहितीपत्रकात लांब फेकीचं कौतुक असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. किनाऱ्याजवळचा पहिला गडद पट्टा, म्हणजे खोलगट चर, अनेकदा वीस-तीस फुटांवरच असतो. पाण्यात उतरण्याआधी तो कोरड्या वाळूवरून गरवून घ्यावा, नाहीतर आपणच मासे हाकलतो. मासा लागला की रॉड वर उचलायचा नाही. टोक पाण्याशी ठेवून हातानेच लाइन जोरात खेचायची.

संचावर छापलेली नसते अशी एक गोष्ट: फ्लाय पुढे जाण्याआधी मागे चाळीस-पन्नास फूट जाते, आणि मागे मुलं किल्ले बांधत असतात. म्हणून वेळ उजाडतानाची, गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला आणि डोळ्यांवर चष्मा, हे सक्तीचं. वारा उजवीकडून असेल तर उजव्या हाताने फेकणाऱ्याने रॉड डाव्या खांद्यावरून फिरवावा, नाहीतर फ्लाय कानात.

दुकानदार फरक घेऊन लाइन बदलून देत असेल तर संच जरूर घ्या. नसेल देत, तर रॉड-रील सुटं घेणं परवडतं. परतल्यावर रील गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकललं जातं. ड्रॅग सैल करा आणि रॉड पूर्ण सुकल्याशिवाय नळीचं झाकण लावू नका.