रत्नागिरीतील नॅव्हिगेशनचा वर्ग: धावपट्टी दिसली म्हणजे पोहोचलो असे नव्हे

हलक्या विमानांच्या प्रशिक्षणार्थींसाठी एक निवृत्त वैमानिक रत्नागिरीत नॅव्हिगेशनचा, म्हणजे हवेत मार्ग शोधण्याचा, छोटा वर्ग घेतात. तो मी नुकताच पूर्ण केला. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या परीक्षेत ७० टक्के मिळवून देणारे वर्ग पुष्कळ आहेत. मार्ग चुकलेला वैमानिक उतरताना अपघात का करतो, या एकाच प्रश्नावर भर देणारा वर्ग मला दुसरा आढळला नाही.

सरांचे प्रतिपादन असे की, शोधून थकलेल्या वैमानिकाला एखादी धावपट्टी दिसली की ती आपलीच, असे तो धरून चालतो आणि मग तिची लांबी, उंची, वाऱ्याची दिशा यांतले काहीच त्याच्या तयारीशी जुळत नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि तिच्याही पुढे गेले. कोणी दगावले नाही, हे नशीब. ते विमान मोठे होते. चूक मात्र कोणत्याही लहान विमानात होते तीच.

वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग नकाशावरचा आहे. रत्नागिरी ते चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) असा दोरा ताणून सर प्रत्येकाकडून खाड्यांच्या मुखांवर वेळा लिहून घेतात: पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा. हे अंतर साधारण साठ नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) असल्याने एका अंशाची चूक शेवटी एक मैल बाजूला नेते, हे कोणालाही तोंडी सांगता येते. पण दुपारचा पंधरा नॉटचा (ताशी पंधरा नॉटिकल मैल), पश्चिमेकडून येणारा वारा हिशेबात धरला नाही, तर नव्वद नॉटने जाणारे विमान चाळीस मिनिटांत दहा मैल आत, डोंगरांकडे सरकते, हे स्वतः आकडेमोड केल्यावरच अंगावर येते. एक खाडी दुसरीसारखी दिसते. म्हणून तिच्या तोंडाशी किल्ला आहे का, आणि ठरलेली वेळ झाली आहे का, या दोन्ही खुणा पटल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा त्यांचा दंडक आहे.

चिपी आणि गोव्यातील मोपा व दाबोळी या तिन्ही विमानतळांच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि त्यांतील लगतच्या दोहोंमधले अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आतच आहे. त्यामुळे धावपट्टीची दिशा होकायंत्राशी जुळते, हा एरवी खात्रीचा वाटणारा मेळ येथे पुरत नाही. चिपीच्या उत्तरेला कर्लीची खाडी असायला हवी. मोपाचे पठार समुद्रापासून आत आहे. समुद्राकडून थेट येऊन चिपीच्या ०९ वर (म्हणजे पूर्वेकडे तोंड करून) उतरल्यास दुपारचा वारा पाठीशी असतो. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीमागून आला, तर लागणारे अंतर सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते, ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणार्थीने पाठ करावी अशी आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. पावसाळ्यातल्या दृश्यमानतेला दिलेला वेळ कोकणासाठी फारच अपुरा आहे, आणि जीपीएसचा वापर नकाशाशी ताडून कसा करावा हे ओझरतेच येते. सिम्युलेटर नाही, हवेतून काढलेल्या छायाचित्रांवरच भागवावे लागते. तरीही एकट्याने पहिले लांब उड्डाण करण्याआधी हा वर्ग करावाच. तुकडी लहान असते, शिकवणे मराठीत होते, आणि प्रोट्रॅक्टर व नॉटिकल मैलांची पट्टी आपली आपण न्यावी लागते.